माशाचं आईकडचं गोत्र : ओढ्याच्या काठापासून हॅप्लोटाइपच्या जाळ्यापर्यंत

जुन्या महाबळेश्वरच्या माथ्यावर पावसाचा थेंब पूर्वेकडे ओघळला तर कृष्णेतून सुमारे १,४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळतो. वीतभर पश्चिमेला पडला तर सावित्रीतून शंभरेक किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीत. थेंबाला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. माशाला मात्र ती वीत ओलांडता येत नाही.

आता मळ्या घ्या. बोटभर लांबीचा, दगडाला तोंड लावून शेवाळ खरवडणारा मासा. शास्त्रीय नाव गारा मुल्या. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं तेव्हा मराठी मुलखात ऐकलेलीच नावं लॅटिनच्या पदराला बांधली: मुल्या, खुद्री, कोलूस, नुक्ता. हा मळ्या सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर याच एका नावाने नोंदला जातो. पण पलीकडचा मळ्या आणि अलीकडचा मळ्या एकाच घराण्यातले का? दिसायला सारखे असतील, पण त्यांच्या पूर्वजांची ताटातूट कधी झाली? मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांतला डीएनए, हा प्रश्न स्वस्तात आणि बऱ्यापैकी नेमका सोडवतो. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किंवा हौसेने हे काम करू पाहणाऱ्यांसाठी मी माझी पद्धत इथे क्रमाने मांडतो आहे. उदाहरण मळ्याचं असलं तरी कोळशी, मुरी, खवली कुठल्याही माशाला ती लागू पडते.

आधी दोन मिनिटं मूळ गोष्ट

माशाच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए म्हणजे साधारण १६,५०० अक्षरांचं (ए, टी, जी, सी ही डीएनएची चार अक्षरं) एक वर्तुळ. त्यात ३७ जनुकं: १३ प्रथिनांची, २२ टी-आरएनएची, २ आर-आरएनएची. शिवाय नियंत्रणाचा एक पट्टा, ज्याला सगळे डी-लूप म्हणतात. पेशीत याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, म्हणून माशाच्या पराच्या, म्हणजे पोहायच्या पंखाच्या, तांदळाएवढ्या तुकड्यातूनही काम भागतं.

हा डीएनए फक्त आईकडून येतो. आपलं गोत्र बापाकडून चालतं, इथे सगळं उलट. बापाच्या डीएनएशी सरमिसळ होत नाही, त्यामुळे आजी, पणजी, खापरपणजी अशी सरळ रेघ मागे काढता येते. या कामाची ताकद यात आहे आणि मर्यादाही यातच आहे. हॅचरीत कटला आणि रोहूचा संकर झाला आणि मादी रोहूची असेल, तर पिल्लाचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए बिनदिक्कत सांगेल, "मी रोहू." बाप कोण होता हे त्याला माहीतच नसतं.

प्रश्न कागदावर लिहा

नुसतं "मळ्याची जनुकीय विविधता बघायची" हा प्रश्न नव्हे. प्रश्न असा असावा: कोयना, वेण्णा आणि सावित्री या तीन नद्यांतल्या मळ्यांच्या मातृवंशात फरक आहे का, आणि तो घाटमाथ्याच्या रेषेशी जुळतो का? प्रश्न असा बांधला की नमुने कुठून घ्यायचे, किती घ्यायचे आणि कुठलं जनुक वाचायचं हे आपोआप ठरत जातं.

जात ओळखायची असेल तर प्रत्येक ठिकाणचे पाच मासे पुष्कळ. एकाच जातीच्या नद्यानद्यांतल्या समूहांची तुलना करायची असेल तर ठिकाणागणिक २० ते ३० लागतात. एकाच डोहातले तीस मासे घेऊन "कोयनेचा समूह" म्हणू नका, कारण त्यातले निम्मे एकमेकांची भावंडं असू शकतात. दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यातून विखरून घ्या.

परवानगी आणि हंगाम

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जाळं टाकायचं नाही. ऊतक किंवा डीएनए परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा विचार असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची परवानगी आधी घ्या, नंतर नाही. काही जागा तर सोडूनच द्याव्यात. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या मुरीचं वर्णन २०२० साली झालं आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. महाडजवळच्या वाळणकोंडीतले मासे गावाने देवाचे म्हणून राखले आहेत. अशा ठिकाणी सरकारी कागदाइतकाच गावाचा होकार महत्त्वाचा. तो मिळाला नाही तर हात जोडून परत फिरावं.

हंगाम कार्तिक ते माघ. पाणी निवळलेलं असतं, ओढा चालत पार करता येतो. मृगाच्या पहिल्या पुरात वलगणीचे मासे चढतात तेव्हा पकडणं सोपं असतं, पण ते अंडी घालायला निघालेले असतात. शिवाय त्या दिवसांत मासे भातखाचरांतून, नाल्यांतून कुठल्या कुठे जातात, त्यामुळे "हा इथला" असं खात्रीने म्हणता येत नाही. ही भटकंती एका खोऱ्यातल्या माशांचे वंश मिसळत ठेवते, हे मात्र निकाल वाचताना ध्यानात असू द्या.

काठावरचं काम

माझं ठाम मत आहे की या अभ्यासाचं भलंबुरं नदीकाठीच ठरतं. पुढची यंत्रं सगळ्यांची सारखीच असतात.

स्थानिक भोई बरोबर घ्या आणि त्याची मजुरी आधी ठरवा. फेकजाळं कुठल्या खडकामागे टाकायचं हे त्याला ठाऊक असतं, आणि माशाचं गावातलं नावही. ते नाव वहीत लिहा. एकच मासा दोन गावांत दोन नावांचा आणि दोन वेगळे मासे एका नावाचे, हा अनुभव दर दौऱ्यात येतो.

मासा बादलीतल्या त्याच ओढ्याच्या पाण्यात ठेवा. पकडला की आधी फोटो: डावी बाजू, परं पसरलेली, शेजारी पट्टी. मग उजव्या बाजूच्या पोटाच्या पराचा तांदळाएवढा तुकडा कात्रीने काढा. उजव्याच बाजूचा, कारण वर्गीकरणासाठी मासा डाव्या बाजूने बघतात आणि ती शाबूत राहायला हवी. दर माशानंतर कात्री पुसायची, स्पिरिटच्या दिव्यावर धरायची, गार होऊ द्यायची. कंटाळा येतो. पण एका माशाचं कातडं दुसऱ्याच्या नळीत गेलं तर पुढे एका माशात दोन वंश "सापडतात" आणि त्यावर महिना वाया जातो.

तुकडा ९५ टक्के किंवा त्याहून कडक इथेनॉलमध्ये टाका. इथेनॉल तुकड्याच्या निदान दहापट असावं आणि दुसऱ्या दिवशी एकदा बदलावं, कारण ऊतकातलं पाणी ते पातळ करतं. फॉर्मेलिन अजिबात नाही. त्याने डीएनएचे धागे एकमेकांना चिकटतात आणि तुटतात. पर परत उगवतो, त्यामुळे बहुतेक मासे पाण्यात सोडून देता येतात. प्रत्येक ठिकाणचे दोन-तीन मात्र अख्खे ठेवावे लागतात. त्यांना लवंग तेलाच्या पाण्यात बेशुद्ध करून नेमानुसार मारायचं, ऊतक आधी काढायचं, आणि मगच बाकीचा मासा फॉर्मेलिनमध्ये. हा क्रम उलटला की मासा शोभेचा उरतो.

लेबलाबद्दल एक कबुली. पहिल्या दौऱ्यात मी नळ्यांवर भारीपैकी जेल पेनने झकास अक्षरात क्रमांक घातले. घरी येईतो एका नळीचं झाकण सैल झालं, इथेनॉल झिरपलं, आणि एकोणीस नळ्यांवरची शाई निळा डाग होऊन उरली. ते एकोणीस मासे आज ना कोयनेचे ना वेण्णेचे. तेव्हापासून जाड कागदाच्या चिठोऱ्यावर साध्या शिसपेन्सिलीने क्रमांक लिहून ती चिठ्ठी नळीच्या आत टाकतो. ग्राफाइट अल्कोहोलात विरघळत नाही. झाकणावर मार्करने लिहायचंच, पण त्यावर विसंबायचं नाही. वहीत त्याच क्रमांकासमोर तारीख, जीपीएसचे आकडे, उंची, ओढ्याचं आणि गावाचं नाव आणि कुठल्या खोऱ्यात आहे ते.

कुठलं जनुक वाचायचं

जात ठरवायची असेल तर सीओआय, म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज-१. याचा सुरुवातीचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा "बारकोड" म्हणून जगभर चालतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या २०७ जातींच्या सागरी माशांवर ती तपासली गेली: एका जातीतल्या माशांमध्ये सरासरी ०.३९ टक्के फरक, एका प्रजातीतल्या (जवळच्या जातींच्या गटातल्या) वेगवेगळ्या जातींमध्ये ९.९३ टक्के. त्या कामातले फिश-एफ-१ आणि फिश-आर-१ हे प्रायमर (वाचायच्या तुकड्याची दोन टोकं पकडणारे डीएनएचे छोटे धागे), दोन्ही २६ अक्षरांचे, गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांवरही चालतात.

घाटमाथ्याच्या दोन्ही बाजूंची तुलना करायला सायटोक्रोम बी चांगलं. सुमारे १,१४० अक्षरांचं असल्याने जास्त फरक हाती लागतात. एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्याची तुलना असेल तर डी-लूप, कारण तो कुठल्या प्रथिनाचा नसल्याने भराभर बदलतो. पहिलाच प्रकल्प असेल तर मी सीओआयच सुचवेन. तुलनेला जगभरचे नमुने त्याचेच जास्त आहेत.

प्रयोगशाळेत

डीएनए काढायला किट वापरा किंवा मिठाची जुनी पद्धत. विद्यार्थ्यांच्या बजेटला मिठाचीच परवडते आणि पराच्या तुकड्यातून पुरेसा डीएनए देते. तुकडा टिपकागदावर ठेवून इथेनॉल पूर्ण उडू द्या, नाहीतर पुढचं पचन नीट होत नाही. प्रोटिनेज-के घालून ५५ अंशांवर रात्रभर ठेवलं की सकाळी नळीत नितळ द्रव दिसतो. मग मिठाने प्रथिनं खाली बसवायची, वरचा द्रव नव्या नळीत, गार अल्कोहोलने डीएनए खाली आणायचा, धुवायचा, वाळवायचा, बफरमध्ये विरघळवायचा. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या वाचनाचं गुणोत्तर १.८ च्या आसपास आलं की ठीक.

मग पीसीआर, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. तो २५ मायक्रोलिटरचा पुरतो. कार्यक्रम असा: ९५ अंशांवर दोन मिनिटं, नंतर ३५ फेऱ्या, प्रत्येकीत ९४ अंशांवर अर्धा मिनिट, ५४ वर अर्धा मिनिट, ७२ वर एक मिनिट, शेवटी ७२ वर दहा मिनिटं. प्रती तपासायच्या जेलवर पट्टा पुसट आला तर ५४ चे ५२ करून पहा. एकाऐवजी दोन-तीन पट्टे आले तर वर चढवा. दर वेळी एक नळी डीएनएऐवजी नुसतं पाणी घालून चालवायची. जेलवर त्या पाण्याच्या घरात पट्टा दिसला तर त्या दिवसाचं सगळं टाकून द्यायचं. जीव तुटतो, पण टाकायचं.

अनुक्रम वाचून घेण्याचं काम बहुतेक जण बाहेर देतात. दोन्ही टोकांकडून वाचायला सांगा. एका बाजूने वाचून पैसे वाचवलेले लोक नंतर तेच नमुने पुन्हा पाठवताना मी पाहिले आहेत.

शिखरं डोळ्यांनी वाचा

इथे घाई करू नका. फाइल उघडली की चार रंगांची शिखरं दिसतात. सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरं आणि शेपटी गढूळ असते, ती छाटायची. मधल्या भागात एखाद्या जागी दोन रंगांची शिखरं एकावर एक दिसली तर उलट बाजूच्या वाचनात तीच जागा बघा. तिथेही तसंच असेल तर बहुधा भेसळ झाली आहे. क्वचित केंद्रकातल्या डीएनएत जाऊन बसलेली जुनी नक्कलही असू शकते.

मग एक खात्रीची चाचणी: अनुक्रमाचं प्रथिनात भाषांतर करून बघा. सीओआय प्रथिनाचं जनुक आहे, त्यामुळे मध्येच "थांबा" असा कोडॉन (तीन अक्षरांचा शब्द) येता कामा नये. नवखे विद्यार्थी इथे हमखास घाबरतात, कारण सॉफ्टवेअर आपणहून नेहमीचा संकेत वापरतं आणि पडदाभर थांब्यांचे तारे दिसतात. मायटोकॉन्ड्रियाचा संकेत वेगळा आहे. टीजीए म्हणजे नेहमीच्या संकेतात "थांबा", इथे मात्र ट्रिप्टोफॅन. एजीए आणि एजीजी इथे थांब्याचे धरतात. यादीतला दुसऱ्या क्रमांकाचा, पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा संकेत निवडा आणि वाचनाची चौकट एक-दोन अक्षरं सरकवून बघा. तारे नाहीसे होतात. तरीही राहिले तर मात्र अनुक्रमातच गडबड आहे. तसंच, रांगेत लावताना एखाद्या माशात एकच अक्षर जास्त किंवा कमी निघालं तर तो "दुर्मिळ फरक" नसतो. नव्याण्णव वेळा ती वाचनातली चूक असते. परत शिखरांकडे जा.

फरक मोजायचा कसा

सगळे अनुक्रम मेगासारख्या सॉफ्टवेअरमध्ये रांगेत लावून एका लांबीला कापा. तंतोतंत सारखे असलेले सगळे मिळून एक हॅप्लोटाइप. पुढचे आकडे डीएनएएसपी हे सॉफ्टवेअर क्षणात देतं, पण एकदा तरी हाताने करून बघा, म्हणजे आकडा काय बोलतो ते कळतं.

समजा, एका ओढ्यातले १० मळ्या आहेत. निव्वळ हिशेबासाठी घेतलेलं उदाहरण आहे. सहा जणांचा हॅप्लोटाइप "क", तिघांचा "ख", एकाचा "ग". वाटे झाले ०.६, ०.३ आणि ०.१. त्यांचे वर्ग ०.३६, ०.०९, ०.०१, बेरीज ०.४६. एकातून वजा केले की ०.५४. नमुना लहान असल्याची भरपाई म्हणून १० भागिले ९ ने गुणायचं: ०.६०. ही हॅप्लोटाइप विविधता. अर्थ सरळ आहे: डोळे मिटून दोन मासे उचलले तर ते वेगळ्या मातृवंशाचे निघण्याची शक्यता ६० टक्के.

पण वंश वेगळे म्हणजे किती वेगळे? "क" आणि "ख" मध्ये एका अक्षराचा फरक, "क" आणि "ग" मध्ये दोन, "ख" आणि "ग" मध्ये तीन असं धरू. दहा माशांच्या जोड्या ४५. क-खच्या १८ जोड्या, फरक १८. क-गच्या ६, फरक १२. ख-गच्या ३, फरक ९. एकूण ३९. भागिले ४५ म्हणजे जोडीमागे ०.८७, आणि ६५० अक्षरांनी भागलं की ०.००१३. ही न्यूक्लिओटाइड विविधता.

हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायचे असतात. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल, तर समूह कधीतरी थोडक्यावर आला आणि तिथून झपाट्याने वाढला असं चित्र दिसतं. दोन्ही लहान असतील तर समूह आकसलेला आहे किंवा मोजक्या माद्यांपासून सोडलेला आहे. दोन्ही मोठे असतील तर समूह जुना आणि मोठा, किंवा दोन जुने वंश एकत्र आलेले.

मग पॉपआर्ट या सॉफ्टवेअरमध्ये हॅप्लोटाइपचं जाळं काढा. प्रत्येक हॅप्लोटाइप एक वर्तुळ, जितके मासे तितकं मोठं, आणि दोघांतल्या रेषेवर जितके फरक तितक्या आडव्या खुणा. वर्तुळात नद्यांचे रंग भरा. सावित्रीचा रंग एका झुपक्यात, कोयना-वेण्णेचा दुसऱ्यात आणि मध्ये पंधरा-वीस खुणा असल्या तर घाटमाथा तुमच्या पडद्यावर उमटला. रंग सरमिसळ दिसले तर दोन शक्यता: ताटातूट अलीकडची आहे, किंवा माणसाने मासे हलवले आहेत. तिसरीही आहे. सह्याद्रीत पश्चिमेकडचे ओढे माथा मागे कुरतडत पूर्वेकडच्या ओढ्यांचं डोकं पळवतात, आणि पाण्याबरोबर मासेही पलीकडे जातात. म्हणून जाळं बघताना शेजारी भूरूपाचा नकाशा उघडा असावा.

समूहांतल्या फरकाचा एफएसटी आणि अमोव्हा हे आकडे प्रबंधात लागतात, ते अर्लेक्विन हे सॉफ्टवेअर देतं. नमुने नीट घेतले असतील तर ते जाळ्यातल्या चित्राशी जुळतात.

निकाल वाचताना पाय घसरतो तो इथे

"दोन टक्क्यांच्या वर फरक म्हणजे नवी जात" हा नियम मानू नका. तो अंदाज आहे. एका खोऱ्यात कोंडलेल्या माशांत जातीअंतर्गत फरक सहज वाढतो. उलट अलीकडे फुटलेल्या जातींत तो नगण्य असतो. नव्या जातीचा दावा करायचा तर खवल्यांच्या रांगा, परांतले काटे, तोंडाखालची चकती हे सगळं मोजावं लागतं आणि केंद्रकातलं निदान एक जनुक वाचावं लागतं.

ब्लास्टने, म्हणजे साठवलेल्या अनुक्रमांशी तुलना करणाऱ्या शोधसाधनाने, "९९ टक्के जुळणी" दाखवली म्हणून नावावर शिक्का मारू नका. जीनबँक या अनुक्रमांच्या सार्वजनिक साठ्यात चुकीच्या नावाने ठेवलेले मासे भरपूर आहेत, आणि एकाची चूक दुसरा उचलतो. जुळलेल्या अनुक्रमाचा मासा कुठल्या संग्रहात आहे, कुठल्या नदीचा आहे, ते बघा. सर्वांत भरवशाचा नमुना म्हणजे जातीचं मूळ वर्णन जिथून झालं तिथला. महसीराच्या टॉर खुद्री या जातीचं मूळ ठिकाण पुण्याच्या पूर्वेला आठेक मैलांवरची मुळा-मुठा. आज त्या पाण्याकडे बघून खुद्री शोधायची हिंमत होत नाही, पण नावाचं मूळ तिथेच आहे.

महसीराचंच उदाहरण आणखी एका गोष्टीसाठी. लोणावळ्याच्या हॅचरीत वाढवलेली टॉर खुद्रीची पिल्लं अनेक नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. कावेरीतला, पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेला मोठा महसीर कित्येक वर्षं नेमक्या शास्त्रीय नावाविना राहिला. २०१८ मध्ये डीएनए आणि शरीररचना दोन्ही ताडून तो टॉर रेमादेवी असल्याचं मांडलं गेलं. ते नाव पांबार नदीतल्या माशांवरून आधीच दिलेलं होतं, आणि आज ही जात अतिसंकटग्रस्त गणली जाते. नदीत पिल्लं सोडण्याआधी दोन्हीकडचे पाच-दहा पर कापून वाचायला फार खर्च येत नाही. तुमच्या नदीत मत्स्यबीज सोडलेलं असेल तर कधी, कुठून आणलं ते गावात विचारा. जाळ्यातला न जुळणारा ठिपका बऱ्याचदा तिथून आलेला असतो.

जमा करणं

अख्खे ठेवलेले मासे स्वतःच्या कपाटात ठेवू नका. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, मुंबईत बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा) संग्रह आहे. तिथे विचारून जमा करा आणि संग्रहाचा क्रमांक घ्या. अनुक्रम जीनबँकेत किंवा बोल्ड या बारकोडांच्या साठ्यात टाकताना तो क्रमांक, नदी, खोरं, अक्षांश-रेखांश सगळं भरा. "भारत, महाराष्ट्र" एवढंच लिहिलेल्या अनुक्रमाचा पुढच्या माणसाला काडीचा उपयोग नाही. दुर्मिळ जातीचा एकुलता डोह असेल तर मात्र जागा मुद्दाम ढोबळ लिहा, कारण शोभेच्या माशांचे व्यापारीही या नोंदी वाचतात. उरलेला पराचा तुकडा उणे वीस अंशांवर ठेवून द्या, चिठ्ठीसकट.